तोंड बंद, वर्ग चालू

पहिलीतलं पोर मास्तरचा प्रश्न संपायच्या आत हात वर करतं. उत्तर येवो न येवो, ‘मी सांगतो, मी सांगतो’ म्हणून बाकावर चढतं. नववीत तेच पोर मान खाली घालून बसतं. मास्तर म्हणतात, वय वाढलं, लाज आली.

वय सगळ्यांचंच वाढतं, राव! मग शेंद्र्याच्या मांगीरबाबाच्या जत्रेत घसा फाटेस्तोवर ओरडणारं हेच पोर वर्गात मुकं का? आणि एमआयडीसीच्या गेटवर ठेकेदाराशी रोजावरून हुज्जत घालणारा त्याचा थोरला भाऊ कॉलेजात शेवटच्या बाकावर का?

कारण तोंड उघडलं की जात दिसते, हे तो शाळेतच शिकला. ‘न्हाई’, ‘व्हतं’ म्हटलं की वर्ग हसतो. गालातल्या गालात मास्तरही हसतो. मग एक दिवस फर्मान सुटतं, ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा!’ छडीचा निदान वळ तरी दाखवता येतो. हसण्याचा कुठं दाखवणार?

एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं, तेव्हा सवर्ण पोरांनी गलका केला. फळ्यामागं त्यांचे डबे होते, ते बाटणार होते! आज फळ्यामागं डबे नाहीत. आज शुद्ध उच्चार बाटतात.

याच बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिक काढलं, नाव ‘मूकनायक’. १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं मिलिंद. दोस्तहो, मिलिंद कोण? भिक्खू नागसेनाला प्रश्नांनी भंडावून सोडणारा राजा. त्या प्रश्नांचाच ‘मिलिंदपञ्हो’ झाला. मूर्ती नाही, मंत्र नाही, प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला! आणि आमची पोरं एक शंका विचारायला वर्ग सुटायची वाट बघतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बाकावर जागा दिली, ठीक. पण शेंद्र्याच्या शेतात आता ऑरिक उभं आहे. तिथं मुलाखतीच्या टेबलावर ज्याला दोन मिनिटं बोलता आलं तो सुपरवायझर. ज्याची जीभ टाळ्याला चिकटली तो ठेकेदाराच्या गाडीत. डिग्री दोघांकडं एकच!

आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकांतही ‘शांतता राखा’ची पाटी. आठवड्यातून एक संध्याकाळ ती काढा. पोरींना आधी बोलू द्या, त्यांना तर घरूनही गप्प बसवलेलं असतं. पोरापोरींना आपल्याच भाषेत भांडू द्या, तुमच्याशीसुद्धा. आणि ‘न्हाई’वर कुणी हसलं, तर त्यालाच उभं करा. म्हणा, काय चुकलं ते सांग.