भिंतीआड गेलेली काटकसर



दिवाळी महिन्यावर आली की घरोघर रंगाची बोलणी सुरू होतात. आणि भिंती फोडायच्याच तर रंगाआधी वायरिंगही बदलून घ्यावं, असं ठरतं. परवा समोरच्या वहिनी असाच हिशेब घेऊन आल्या. परवानाधारक कंत्राटदाराचा अंदाज २८,००० रुपयांचा, आणि गल्लीत कामं करणाऱ्या एका मुलाचा १७,००० चा, तोही कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला. "मुलगा गुणी आहे हो, निम्म्या गल्लीची कामं त्यानंच केलीत. परवाना तेवढा नाही. अकरा हजारांत पोरीच्या क्लासची फी भागेल. काय करू?"

हा प्रश्न तुमच्यापैकी कितीतरी जणींना पडत असेल. म्हणून त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

आधी नियम पाहू. बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बिघडलेलं बटण बदलायला परवाना लागत नाही. पण नवा पॉइंट काढणं, गीझरसाठी वेगळी लाइन ओढणं, घरभर वायरिंग बदलणं ही कामं राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारानंच, जाणकाराच्या देखरेखीखाली करायची असतात. १९५६ च्या वीज नियमांत हे होतं आणि २०२३ च्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही आहे.

"कागदाला काय चाटायचंय?" असं आमच्याकडेही म्हटलं गेलं होतं. आता आमचीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही बाथरूम नवं केलं आणि स्वस्तातल्या माणसाकडून गीझरची लाइन ओढून घेतली. काम दिसायला सुरेख! वर्षभरानं सासूबाई म्हणू लागल्या, "नळाला हात लावला की झिणझिण्या येतात गं." आम्ही वयाचा परिणाम समजून सोडून दिलं. एके दिवशी मुलगीही तेच म्हणाली, तेव्हा मात्र छातीत धस्स झालं. परवाना असलेल्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडून दाखवला. अर्थिंगची हिरवी वायर अपुरी पडली म्हणून कापून आतच गुंडाळून ठेवलेली! तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक कशालाच जोडलेलं नव्हतं. गीझरमधून गळणारी वीज जमिनीत जायची, ती नळापर्यंत येत होती. पायात रबरी सपाता होत्या म्हणून झिणझिण्यांवर निभावलं.

भाजी निवडून घेता येते, साडी उलटून पाहता येते. वायरिंग मात्र गिलाव्याआड जातं. आपल्याला दिसतं ते फक्त चकचकीत बटण. म्हणूनच तपासून सही करणारा, उद्या जाब विचारता येईल असा माणूस हवा.

आता परवाना असला की काम चोखच होतं, असंही नाही बरं का. तेव्हा काम देण्याआधी एवढं कराच :

१. परवान्याचा क्रमांक आणि मुदत पाहा. शंका आली तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात चौकशी करा.

२. अंदाज लेखी घ्या. त्यात वायरची जाडी आणि कंपनी लिहून घ्या. साधारणपणे दिव्या-पंख्यांना दीडची, प्लगला अडीचची आणि गीझरला चारची वायर असते. मालावर आयएसआय खूण हवी.

३. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायला सांगा. वीज गळू लागली की ती क्षणात पुरवठा तोडते. तिच्यावरचं 'टेस्ट'चं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

४. गिलावा करण्यापूर्वी वायरिंगचे फोटो काढून ठेवा.

५. शेवटचा हप्ता अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासून सहीचा टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावरच द्या.

आणि त्या गुणी मुलाचं काय? त्याच्या पोटावर पाय द्यायची गरज नाही. मी वहिनींना म्हटलं, कंत्राटदारालाच विचारा, तुमच्या देखरेखीखाली याला कामावर घ्याल का? मात्र काम एकाचं आणि घरबसल्या नुसती सही दुसऱ्याची, असं चालवून घेऊ नका. त्या सहीला काही अर्थ नाही.

वहिनींनी तसंच केलं. बैठकीच्या खोलीचा रंग पुढच्या वर्षावर ढकलला आणि वायरिंग परवानाधारकाकडे दिलं. भिंतीचा रंग वर्षभर थांबू शकतो, मैत्रिणींनो. आज संध्याकाळी तुमच्या बाथरूममधला गीझर कुणी, कसा जोडलाय, तेवढं घरात विचारा. आणि कुणी नळाला झिणझिण्या येतात म्हणालं, तर त्याच क्षणी मेन स्विच बंद करा. भास म्हणून सोडून देऊ नका.