यजमान कोण, अतिथी कोण?

मोहॉक छायाचित्रकाराला वस्तुसंग्रहालयाने निवासी कलावंत म्हणून पाचारण करावे, संग्रहाची कपाटे त्याच्यासाठी उघडावीत आणि एका प्रदर्शनाचे संयोजन अतिथी या नात्याने त्याच्याकडे सोपवावे, ही गोष्ट कॅनडा व अमेरिकेत आता अपरिचित राहिलेली नाही. तिच्यामागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि 'अतिथी' या शब्दाची चिकित्सा करणे अगत्याचे आहे. मोहॉक हे इरोक्वॉय महासंघाच्या सहा राष्ट्रांपैकी एक. ज्या संग्रहात त्यांच्याच पूर्वजांच्या वस्तू व प्रतिमा आहेत, तेथे मोहॉक कलावंत पाहुणा ठरतो आणि संस्था यजमान, हा विपर्यास दृष्टीआड करता येत नाही.

त्याला इतिहास आहे. १९८८ मध्ये कॅलगरीच्या ग्लेनबो म्युझियममधील 'द स्पिरिट सिंग्ज' या प्रदर्शनात इरोक्वॉयांचा एक पवित्र मुखवटा मांडण्यात आला. तो सार्वजनिक दर्शनाचा विषय नाही, असे सांगत काहनवाके येथील मोहॉकांनी न्यायालयात धाव घेतली. परंतु तात्पुरती मनाई पुढे कायम झाली नाही. या प्रदर्शनावरून उठलेल्या वादाची परिणती १९९२ च्या 'टर्निंग द पेज' या अहवालात झाली. आदिवासी राष्ट्रांची सभा व कॅनडातील संग्रहालयांची संघटना यांनी संयुक्तपणे सिद्ध केलेल्या त्या अहवालाने भागीदारीचा पुरस्कार केला. भागीदारी आणि आतिथ्य यांतील अंतर येथे ध्यानात घ्यावे लागते. भागीदाराला निर्णयाचा अधिकार असतो. अतिथीला मुदत असते.

साहित्याच्या अभ्यासकाला या प्रश्नात विशेष स्वारस्य वाटावे, कारण तो अंतिमतः शब्दांचा प्रश्न आहे. वस्तूखालची परिचयपट्टी हीही एक संहिताच असते. शेली नायरो या मोहॉक छायाचित्रकार स्त्रीने हे मर्म अचूक हेरले आहे. तिच्या १९९१ मधील एका त्रिपट कृतीत केस वाळवण्याच्या यंत्राखाली बसलेली तिची आई दिसते. शीर्षक मात्र इरोक्वॉय समाज हा अत्यंत विकसित मातृसत्ताक समाज असल्याचे मानववंशशास्त्रीय थाटात सांगते. पाठ्यपुस्तकी विधान आणि घरातले दृश्य यांच्या या संनिधीतून विनोद निर्माण होतो. विधान खोटे ठरत नाही. ते उच्चारण्याचा मक्ता तेवढा संपुष्टात येतो.

इरोक्वॉय छायाचित्रकार जेफ टॉमस याने १९९९ मध्ये तत्कालीन कॅनडियन म्युझियम ऑफ सिव्हिलायझेशनमध्ये संयोजित केलेले प्रदर्शन याच दिशेचे होते. संस्थेच्या जुन्या मानववंशशास्त्रज्ञांनी टिपलेली छायाचित्रे त्याने समकालीन आदिवासी छायाचित्रकारांच्या कृतींसमवेत मांडली. एरवी 'नमुना' म्हणून पाहिला गेलेला चेहरा अशा शेजारामुळे व्यक्ती म्हणून सामोरा येऊ शकतो. कॅमेऱ्यामागे उभे राहण्याचा अनुभव असलेला संयोजक जुन्या छायाचित्रात बसवणाऱ्याचा हेतू जसा वाचतो, तसाच बसलेल्याचा संकोचही वाचू शकतो. अतिथी संयोजनाचे खरे सामर्थ्य या दुहेरी वाचनात आहे.

संग्रहालयांमुळेच या वस्तू टिकल्या, असा युक्तिवाद केला जातो. तो काही अंशी मान्य करावा लागेल. परंतु जतन केल्याने अर्थ लावण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. शिवाय त्याच १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन या संस्थेने अकरा वॅम्पम पट्टे ग्रँड रिव्हर येथील सहा राष्ट्रांकडे परत केले. त्यायोगे करार व स्मृती यांची ही साधने पुन्हा त्यांच्या वाचकांच्या हाती आली.

तेव्हा अशा उपक्रमाचे मूल्यमापन उद्घाटनाच्या गर्दीवरून होऊ नये. कलावंत निघून गेल्यावर संग्रहाच्या नोंदवहीत काय उरते, हा खरा निकष होय. अनामिक चेहऱ्यांपुढे नावे आली काय? जे दाखवू नये ते न दाखवण्याचा त्याचा निर्णय पुढील संयोजकावर बंधनकारक राहिला काय? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर भिंतीवरील चित्रे तेवढी बदलली, यजमानपद बदलले नाही, असेच म्हणावे लागेल.