छागलांचा एक निर्णय

मुंबई उच्च न्यायालयाने १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठोठावली. पुढे १९५६ मध्ये त्याच न्यायालयात टिळकांच्या त्या वेळच्या उद्गारांची पाटी बसली. तिचं अनावरण करताना मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी आपल्या न्यायालयाच्या वतीने प्रायश्चित्ताची भाषा केली. एवढं मन असलेल्या माणसाच्या कारकिर्दीतला एक निर्णय म्हणूनच मला खटकतो.

छागला बॅरिस्टर जिनांच्या हाताखाली वकिली शिकले आणि मुस्लिम लीगने जातीय वाट धरताच त्यांच्यापासून दूर झाले. १९४७ मध्ये ते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १९५८ च्या आरंभी मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे आली. आयुर्विमा महामंडळाचा, म्हणजे विमेदारांचा पैसा हरिदास मुंदडांच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये कसा गेला, याची त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. लोक ऐकायला गर्दी करत. अहवालानंतर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं.

आणि त्याच वर्षी छागला नेहरू सरकारचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले.

विधी आयोगाच्या चौदाव्या अहवालाने त्याच वर्षी सांगितलं होतं की न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये. छागला स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते! आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड यांनी याबद्दलची नाराजी आत्मचरित्रात नोंदवली आहे. ती मला रास्त वाटते.

छागला सत्तेचे मिंधे झाले नाहीत, हे खरं. लंडनचं उच्चायुक्तपद, शिक्षणमंत्रिपद, मग परराष्ट्र खातं त्यांनी सांभाळलं. १९६४ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर भारताची बाजू मांडली. १९६७ मध्ये उच्च शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्याच्या सरकारी धोरणाला विरोध म्हणून राजीनामा दिला. मी मराठीतून उच्च शिक्षणाचा आग्रही आहे, त्यांचं मत मला पटत नाही. पण मतासाठी खुर्ची सोडणारे मंत्री किती? आणीबाणीलाही त्यांनी निर्भयपणे विरोध केला.

पण प्रत्येक न्यायाधीश छागला नसतो. निकाल देतानाच उद्याच्या पदाची आशा असेल, तर पक्षकाराने भरवसा कुणावर ठेवायचा? महालेखापरीक्षकाला पद सोडल्यावर सरकारी पद घेण्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद १४८ ने मनाई केली आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही तीच मनाई संसदेने लागू करावी.