फाटक कोणासाठी बंद?

आमच्या गटाच्या गेल्या बैठकीत एक निवेदन सहीसाठी फिरले. छेडछाड वाढली आहे, म्हणून मुलींच्या वसतिगृहाचे फाटक रात्री नऊऐवजी साडेसातलाच बंद करावे, अशी मागणी त्यात होती. मी सही केली नाही. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" एका ताईंनी विचारले. त्याचे उत्तर देताना मला एक रॉक गाणे आठवते.

कॅलिफोर्नियातल्या 'नो डाऊट' या बँडचे 'जस्ट अ गर्ल' १९९५ साली आले, त्यांच्या 'ट्रॅजिक किंगडम' या संग्रहातले. गायिका ग्वेन स्टेफानीने ते गिटारवादक टॉम ड्युमाँटबरोबर लिहिले. निमित्त अगदी घरगुती. बँडमधला टोनी कनाल हा भारतीय आईबापांचा मुलगा. त्याच्या घरून रात्री उशिरा एकटी गाडी चालवत परतल्याबद्दल ग्वेनला वडिलांची बोलणी खावी लागली. तेव्हा ती विशीत होती, म्हणजे चांगली सज्ञान. 'मी काय बाई, नुसती मुलगी!' असा त्या शीर्षकातला उपरोध आहे. 'सातच्या आत घरात' ऐकत वाढलेल्या आपल्याला तो समजावून सांगायला नको.

मार्क कोरने केलेल्या चित्रफितीत दोन स्वच्छतागृहे दिसतात. पुरुषांचे कळकट, बायकांचे फुलाफळांनी सजवलेले. मुंबईत ज्यांनी 'राइट टू पी' मोहीम चालवली, त्या बायकांना याचे हसूच येईल. आपल्याकडे साधे मुतारीचे दार उघडे मिळवायला झगडावे लागले. पण मुद्दा सजावटीचा नाही. एकत्र काम करणाऱ्यांची दारातच विभागणी होते आणि तिला नाजूक म्हणून वेगळ्या खोलीत बसवले जाते. पिंजऱ्याला फुले लावली तरी तो पिंजराच.

"गाडीवाल्या गोऱ्या पोरीचं दुःख आपल्याला काय?" असे कोणी म्हणेल. आक्षेप निम्मा खरा आहे. तिची बंडखोरी कंपनीने विकली, कॅमेरा तिच्या अंगावरून फिरला. रात्रपाळीहून पायी परतणारी बाई त्या गाण्यात नाही. पण त्याच काळजीने त्या बाईची भाकरी हिरावली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमाने बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामाला बंदी केली. कायद्यानेच 'सातच्या आत घरात'! पाळी गेली, तिची मजुरी गेली. रस्ता मात्र होता तसाच अंधारा राहिला. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली हे कलम भेदभाव करणारे म्हणून रद्द ठरवले.

कारखान्याच्या फाटकावर जे नाकारले, ते वसतिगृहाच्या फाटकावर आपणच मागायचे? साडेसातला फाटक लागले की ग्रंथालय, नाटकाची तालीम, शिकवणी, आपल्याच गटाची बैठक, सगळे त्या मुलींना बंद. छेड काढणारा मात्र दहापर्यंत नाक्यावर मोकळा.

ताई, जबाबदार तोच. आणि दिवे न लावणारी नगरपालिका, तक्रार न नोंदवणारे ठाणे.

मैत्रिणींनो, निवेदन जरूर देऊ या. रस्त्यावर दिवे, उशिरापर्यंत बस, रात्री उघडी स्वच्छतागृहे आणि तक्रारीची तत्काळ नोंद, एवढे त्यात लिहा. त्यावर पहिली सही माझी.