गाडी आत्ता घ्यावी का?

दसरा जवळ आला की भालकी, बसवकल्याणकडच्या घरांत हा विषय निघतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सेसही गेला. पण रोड टॅक्स आहेच. आठ लाखांच्या गाडीवर कर्नाटकात १४ टक्के, म्हणजे १,१२,००० रुपये, वर त्याचा सेस. महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ८८,०००. मग एखादे काका सुचवतात, "उदगीरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर घे की!" नका घेऊ. बारा महिन्यांहून जास्त गाडी इकडे राहिली की केए नंबर घ्यावाच लागतो, टॅक्सही इथला भरावा लागतो.

मला खरी काळजी हप्त्याची वाटते. सहा लाख कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं: हप्ता साधारण ९,६५०, एकूण व्याज दोन लाखांच्या वर. पाच वर्षांत फेडलं तर व्याज दीड लाखाच्या आत, पण हप्ता १२,४५०.

बीदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ पासून आहे. तरी गुडघेदुखीच्या आईला दवाखान्यात न्यायचं तर दारातली गाडीच बरी. म्हणून आम्ही तीन-चार वर्षं वापरलेली, केए नंबरचीच बघतोय. तिचा आजीवन टॅक्स पहिल्या मालकानं भरलेला असतो.