‘घरी न्या, सेवा करा’ म्हणजे हात झटकणे

‘आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा.’

सरकारी दवाखान्यातून एवढे ऐकून आमच्या वस्तीतले एक जोडपे घरी परतले. बाबा निवृत्त सफाई कामगार. तोंडाचा कॅन्सर गळ्यात उतरलेला. आजींचे हृदय थकलेले, पाय सुजलेले, चार पावले टाकली की धाप. दोघांचेही दिवस मोजलेले. सेवा कोणी कोणाची करायची? धापा टाकत आजीच बाबांची जखम पुसायच्या. बाबा रात्रभर कण्हायचे आणि घरात गोळी होती ती पॅरासिटामॉलची.

कोणी म्हणाले, ‘भोग आहेत.’ बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्हाला हे मान्य नाही. ते मागच्या जन्मीचे भोग नव्हते. ती याच जन्मी न मिळालेली मॉर्फिनची गोळी होती!

मॉर्फिन महाग नाही. ज्या अफूपासून ते बनते तिची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की दवाखान्यांनी हे औषध ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, अट सैल झाली. तरी आमच्या बाबांपर्यंत गोळी आली नाही. अडचण आता कायद्याची नाही, दानतीची आहे.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये असल्याचे सांगितले. चर्चा झाली ती व्हेंटिलेटर काढण्याची. ज्याला व्हेंटिलेटर कधी दिसलाच नाही, त्याच्या सन्मानाचे काय?

हॉस्पिस म्हणजे केवळ इमारत नव्हे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. पण बहुतेकांना मरण हवे असते आपल्या घरात, आपल्या माणसांत. त्यासाठी नर्सने घरी यावे, जखम धुवावी, वेदनेचे औषध द्यावे, घरच्यांना शिकवावे. हे स्वप्न नाही. केरळने २००८ साली धोरण केले आणि ग्रामपंचायतींमार्फत नर्स घरोघर पाठवल्या. मलप्पुरममध्ये तर शेजारीपाजारीच प्रशिक्षण घेऊन उभे राहिले. मग महाराष्ट्रात प्रत्येक वस्तीत हे का नाही?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेची बाजू मांडली. बाळंतपणाचा भार एकट्या कुटुंबाचा नाही, सरकारचा आणि मालकाचाही आहे, हा तो विचार. जन्माची जबाबदारी समाजाची, तर मरणाची एकट्या सुनेची किंवा म्हाताऱ्या बायकोची कशी? शहराची घाण उपसून ज्याने आयुष्य संपवले, त्याच्या अखेरच्या तीन महिन्यांचे हे शहर काहीच देणे लागत नाही?

आता स्वतःकडेही बोट दाखवू. बाबा गेले तेव्हा अंत्ययात्रेला आम्ही सगळे होतो. पंचशील ध्वज होता, बुद्धवंदना झाली, शोकसभेत भाषणे झाली. आजी एवढेच म्हणाल्या, ‘पोरांनो, मेल्यावर शंभर जण आलात. तो जिवंत असताना एक रात्र कोणी उशाशी बसला असता, तर मला डोळा लागला असता.’

आमच्याकडे उत्तर नव्हते. घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली, ही कथा आम्ही दर वर्षावासात ऐकतो. सावित्रीमाई १८९७ साली प्लेगच्या रुग्णाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या, हे आम्ही जयंतीला सांगतो. सांगतो, करत नाही.

म्हणून शासनाकडे मागणी : प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मॉर्फिन, घरी येणारी पगारी नर्स, आणि हे काम आशाताईंवर टाकणार असाल तर त्यांना मानधन नव्हे, वेतन! आणि आपल्यासाठी काम : प्रत्येक विहारात दहा तरुण-तरुणींचे पथक, पाळीपाळीने रात्री बसणारे.

आजी अजून आहेत. आज रात्रीची पाळी आमची आहे. उद्याची कोणाची?

जय भीम!