कांचेमागची बिमोटा

दुर्मिळ वस्तु जवळ असणें आणि तिचा खरा धनी असणें या दोन गोष्टी एकच होत, असा समज हल्लीं सुशिक्षितांतही बळावत चालला आहे. इटलींत मोजक्या संख्येनें घडविल्या जाणाऱ्या बिमोटा मोटारसायकलींच्या बाबतींत तर या समजाला प्रतिष्ठाच लाभली आहे. गाडी विकत घ्यावयाची, दिवाणखान्यांत किंवा बंद गॅरेजमध्यें उभी करावयाची, आणि कांहीं वर्षांनीं 'जवळजवळ न चाललेली' अशी फुशारकी मारून लिलावांत विकावयाची, याला म्हणे रसिकता म्हणतात! आमच्या मतें ही रसिकता नव्हे. ही सावकारी आहे. सावकारी कोणीं खुशाल करावी; पण तिनें रसिकतेचा अंगरखा घालून मिरवूं नये.

साहित्य शिकविणाऱ्या माणसाचा मोटारसायकलींशीं काय संबंध, असें कांहीं वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो पुढें दिसून येईल. आधीं ही गाडी काय आहे तें पाहूं.

रिमिनी या समुद्रकांठच्या शहरांत बियांकी, मोरी आणि तांबुरिनी या तिघांचा इमारती उबदार ठेवणारीं यंत्रें बसविण्याचा धंदा होता. तिघांच्या आडनांवांचीं पहिलीं अक्षरें जुळवून 'बिमोटा' हें नांव झालें. १९७२ सालीं मासिमो तांबुरिनी हा मिसानो येथील शर्यतीच्या मार्गावर आपल्या होंडा गाडीवरून पडला. इंजिन उत्तम होतें. परंतु सांगाडा त्याच्या जोराला पुरा पडणारा नव्हता. तांबुरिनीनें त्याच इंजिनाभोंवतीं पोलादी नळ्यांचा नवा सांगाडा रचला, आणि १९७३ सालीं मोटारसायकलींचा कारखाना निघाला. एचबी-१ या पहिल्या नमुन्याच्या अवघ्या १० गाड्या झाल्या.

या नांवांतच सारें मर्म आहे. एचबी म्हणजे होंडाचें इंजिन आणि बिमोटाचा सांगाडा. एसबी म्हणजे सुझुकीचें, केबी म्हणजे कावासाकीचें, डीबी म्हणजे डुकाटीचें. इंजिन बहुधा परक्याचें. बिमोटाचें स्वतःचें असें काय, तर तें इंजिन वळणावर आणि ब्रेक लावतांना स्थिर ठेवणारी रचना. १९७७ च्या एसबी-२ मध्यें मागच्या चाकाचा दांडा ज्या आंसाभोंवतीं हलतो, त्याच आंसावर साखळीचें पुढचें दांतेरी चक्र बसविलें. त्यामुळें चाक खालींवर झालें तरी साखळीचा ताण बदलत नाहीं. आतां हा गुण उभ्या गाडींत कोणाला दिसणार? जी गाडी कधीं वळलीच नाहीं, तिच्या धन्याजवळ बिमोटा नाहींच. त्याच्याजवळ दुसऱ्याचें इंजिन आणि सुंदर रंग, इतकेंच आहे.

१९९० सालीं बाहेर आलेल्या 'तेझी'ची गोष्ट तर आम्हां अध्यापकांना विशेष जवळची. पिएरलुइजी मार्कोनी यानें बोलोन्याच्या विद्यापीठांत लिहिलेल्या प्रबंधांतून ती निघाली, आणि 'तेझी' या शब्दाचा अर्थच प्रबंध. तिच्या पुढच्या चाकाला नेहमींचा फोर्क नाहीं. तें आडव्या दांड्यानें धरलेलें असून वळविण्याची योजना चाकाच्या तुंब्यांतच आहे. ब्रेक लावतांच गाडीचें नाक खालीं जाऊं नये, हा त्यांतला हेतु. प्रबंध कपाटांत कुजतात, हा आमच्या धंद्याचा नित्याचा अनुभव. येथें एका प्रबंधाला चाकें फुटलीं. आणि रसिक म्हणविणारे लोक त्याला पुन्हां कपाटांतच घालूं पाहतात!

कोणी म्हणेल, गाडी पडली तर काय? सुटे भाग सहज मिळत नाहींत. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु उभी ठेवल्यानें ती टिकते, ही समजूत निखालस चुकीची आहे. टाकींतलें पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरच्या बारीक वाटा बुजवितें, रबरी भाग ताठरतात, टायर न झिजतांही निकामी होतात. शिवाय यंत्राबरोबर तें जाणणारे हातही टिकावे लागतात. ज्या गाड्या कारागिराकडे येतच नाहींत, त्यांची विद्या तो कशी राखणार?

दुसरा आक्षेप संग्रहालयांचा. पण संग्रहालयाचें दार सर्वांना उघडें असतें, खाजगी गॅरेजचें नसतें. आणि संग्रहालयांतही जाणते लोक वस्तु मरूं देत नाहींत: इटलींतच क्रेमोना येथें शतकांपूर्वींचीं व्हायोलिनें जपून ठेवलेलीं आहेत, पण तीं वेळोवेळीं कपाटांतून काढून वाजविलीं जातात. या गाडीचें नांवही कपाटांत झालेलें नाहीं. १९८० सालीं जॉन एकेरोल्ड या दक्षिण आफ्रिकेच्या स्वाराला कोणा कारखान्याच्या पथकाचें पाठबळ नव्हतें. तरी त्यानें यामाहाचें इंजिन असलेल्या बिमोटावर ३५० सी.सी. वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें.

'माझा पैसा, माझी वस्तु' हें शेवटचें उत्तर. कायद्याला तें पुरेसें आहे, रसिकतेला नाहीं. आणि येथेंच आमच्या वाचकांचा व आमचा संबंध येतो. वेष्टणही न काढलेले ग्रंथ कांचेच्या कपाटांत ओळीनें लावणारीं घरें आपल्यांत थोडीं का आहेत? खुंटीवर टांगलेला, वर्षानुवर्षें न जुळविलेला तंबोरा आपण पाहिलेला नाहीं काय? रिमिनीच्या गाडीवर जो अन्याय होतो, तोच आपण ज्ञानेश्वरीवर आणि तंबोऱ्यावर करीत असतों. फक्त आपल्याला लिलावांत भाव येत नाहीं, एवढाच काय तो फरक. गाडी चालवावी, ती झिजावी, तिला ओरखडे पडावेत, आणि ती दुरुस्त व्हावी. ज्याला हें सोसत नाहीं, त्यानें ती चालवील त्याच्या स्वाधीन करावी, आणि आपला पैसा सोन्यांत घालावा. सोन्याला वळणें घ्यावीं लागत नाहींत.